फराळाचा घाणा आणि भिंतीतली तार

"एमसीबी सारखा पडतो. सोळाच्या जागी बत्तीसचा बसवला तर चालेल ना?" "नवं इंडक्शन मिक्सरच्याच बोर्डवर लावलं तर काय बिघडतं?" "बिलावर मंजूर भार एक किलोवॉट लिहिलाय, दिवाळीत जास्त वीज वापरली तर दंड पडेल का?" "आमचा जुना वाडा. अर्थिंग आहे की नाही कोणालाच ठाऊक नाही. ओव्हन लावू का?"

फराळाची तयारी सुरू झाली की नाशिककरांकडून हे प्रश्न हमखास येतात. एके काळी भाजणी गिरणीतून दळून यायची, बेसन गॅसवर भाजले जायचे आणि स्वयंपाकघरात विजेचे काम दिव्यापंख्यापुरते असायचे. आता भाजणी घरघंटीवर, पिठीसाखर मिक्सरमध्ये, नानकटाई ओव्हनमध्ये, एक कढई गॅसवर आणि दुसरी इंडक्शनवर. पाहुणे आले की गिझरही दिवसभर चालू. वायरिंग मात्र घर बांधले तेव्हाचेच.

बहुतेक जण घराच्या एकूण वापराची काळजी करतात. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी : ओट्यावरच्या एकाच तारेवर तीन उपकरणे येऊन बसतात. म्हणून तयारी ओट्यापासून सुरू करा आणि ती वसुबारसेच्या निदान दोन आठवडे आधी करा. ऐन सणात वायरमन मिळणे कठीण, आणि घाईत केलेला जोड पुढे वर्षभर भिंतीत राहतो.

पायरी पहिली : उपकरणांचे अँपिअर काढा

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाशी वॉट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २३० ने भागा, म्हणजे ते उपकरण किती अँपिअर ओढते ते कळते. घरोघरी आढळणारे साधारण आकडे असे :

- इंडक्शन, २,००० वॉट : ८.७ अँपिअर
- ओव्हन किंवा किटली, १,५०० वॉट : ६.५ अँपिअर
- एअर फ्रायर, १,४०० वॉट : ६.१ अँपिअर
- मायक्रोवेव्ह, १,२०० वॉट : ५.२ अँपिअर
- मिक्सर, ७५० वॉट : ३.३ अँपिअर
- गिझर, २,००० वॉट : ८.७ अँपिअर, ३,००० वॉटचा असेल तर १३ अँपिअर

एक अश्वशक्तीची घरघंटी कागदावर ७४६ वॉटची असली, तरी मोटारीमुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त प्रवाह घेते. सुरू होताना तर काही क्षण नेहमीच्या कित्येक पट. त्या क्षणी दिवे किंचित मंदावले तर घाबरू नका. दळण सुरू असेपर्यंत मंदच राहिले, तर मात्र तार अपुरी आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे.

आता सॉकेट पाहा. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटमधून जास्तीत जास्त १,३८० वॉट घेता येतात, सोळाच्या मोठ्या सॉकेटमधून ३,६८०. इंडक्शन, ओव्हन, किटली, गिझर आणि घरघंटी यांची जागा मोठ्या सॉकेटमध्ये. मोठ्या पिनचा प्लग लहान सॉकेटात बसवणारे कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतात. स्वयंपाकघरात ते आणूच नका. साधा एक्स्टेन्शन बोर्डही सहा अँपिअरचाच असतो. त्याला चार छिद्रे असली, तरी मागची तार एकच आहे.

पायरी दुसरी : घराचा नकाशा करा

हे काम दिवसाउजेडी करा. अर्धा तास पुरतो.

1. मेन बोर्डवरचा एक एमसीबी बंद करा.
2. घरभर फिरून कोणते दिवे, पंखे, सॉकेट बंद पडले ते लिहा. सॉकेट तपासायला मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प चालतो.
3. तो चालू करून पुढचा बंद करा. असे सगळे तपासा.
4. प्रत्येक एमसीबीखाली चिठ्ठी चिकटवा : 'ओटा', 'फ्रिज', 'गिझर', 'हॉलचे दिवे'.

ओट्यावरचे सगळे सॉकेट आणि फ्रिज एकाच एमसीबीवर निघाले, तर तुमच्या प्रश्नाचे मूळ सापडले. इंडक्शन, ओव्हन आणि मिक्सर एकदम लावले की साडेअठरा अँपिअर झाले. सोळाचा एमसीबी पडला तर त्याने आपले काम केले.

तारेची जाडी वायरमनकडून पाहून घ्या. साधारणपणे दिव्यापंख्यांना दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, मोठ्या सॉकेटला अडीचची आणि मोठ्या गिझरला किंवा एसीला चारची वायर घालतात. बऱ्याच जुन्या घरांत मोठा सॉकेट नंतर बसवलेला असतो, पण त्याच्यामागे आलेली तार दिव्याची, दीडचीच असते. बाहेरून हे कळत नाही, बोर्ड उघडावाच लागतो.

एमसीबी पडतो म्हणून मोठा का बसवू नये?

एमसीबी बसवतात तो तार तापू नये म्हणून. अडीचच्या वायरवर बत्तीसचा एमसीबी लावला, तर एमसीबी गप्प बसेल आणि भिंतीतली तार तापत राहील. तिच्यावरचे आवरण कडक होईल, तडकेल आणि एखाद्या संध्याकाळी धूर दिसेल. क्रम उलटा ठेवा : आधी जाड तार, मग मोठा एमसीबी.

एमसीबी पडत नाही म्हणजे सगळे ठीक, असेही समजू नका. मानकाप्रमाणे घरगुती एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडला पाहिजे. म्हणजे सोळाचा एमसीबी २३ अँपिअरही बराच वेळ सोसू शकतो, आणि तेवढ्या वेळात चकलीचे कितीतरी घाणे निघतात. म्हणून अँपिअरची बेरीज तुम्हीच करा, एमसीबीच्या भरवशावर राहू नका.

अजूनही पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर ते उघडून पाहा. वितळणाऱ्या बारीक तारेच्या जागी कोणीतरी तांब्याची जाड तार गुंडाळलेली असते. तसे असेल, तर त्या घराला संरक्षण नाही. फराळ सुरू करण्यापूर्वी तो बोर्ड बदला.

पायरी तिसरी : फराळाचे वेळापत्रक लावा

नवी तार ओढणे दर वेळी शक्य नसते. जोड्या नीट लावल्या तरी बराच भार हलका होतो.

- एका तारेवर चालेल : इंडक्शन आणि मिक्सर (बारा अँपिअर), ओव्हन आणि मिक्सर (सुमारे दहा).
- काठावर : इंडक्शन आणि ओव्हन (सव्वापंधरा). त्याच तारेवर फ्रिजही असेल तर टाळा.
- नको : इंडक्शन, ओव्हन आणि किटली एकत्र, घरघंटी आणि इंडक्शन एकाच सॉकेटच्या फांदीवर.

दळणाची कामे, भाजणी, तांदळाची पिठी, बेसन, तळणाच्या आदल्या दिवशी उरकून घ्या. मिक्सर सलग फिरवू नका. तळाशी किंवा पुस्तिकेत त्याची सलग चालण्याची मुदत दिलेली असते, बहुधा पाच मिनिटे चालू आणि दोन मिनिटे विश्रांती. तो मध्येच थांबला तर बहुतेक मिक्सरच्या तळाशी लाल बटण असते. थोडा थंड होऊ द्या, भांड्यातले पीठ कमी करा आणि मग ते बटण दाबा.

दिवाळीतला सर्वांत जड काळ तळणाच्या दुपारी येत नाही, तो नरक चतुर्दशीच्या पहाटे येतो. अभ्यंगस्नानासाठी गिझर, चहासाठी किटली, पोह्यांसाठी इंडक्शन. तीन किलोवॉटचा गिझर धरला तर एकाच घराचे २८ अँपिअर होतात. त्याच वेळी इमारतीतल्या प्रत्येक घरात हेच चाललेले असते, त्यामुळे मीटर रूममधल्या केबलवर आणि रोहित्रावरही ताण येतो. पाणी तापले की गिझर बंद करून मगच इंडक्शन लावा. घरात दोन गिझर असतील तर एकामागून एक चालवा.

इंडक्शन घेण्यापूर्वी भांडी तपासा

नाशिकच्या भांडीबाजारातून घेतलेली पितळी कढई, तांब्याचे पातेले किंवा ॲल्युमिनियमची कढई साध्या इंडक्शनवर तापत नाही. लोहचुंबक बुडाला घट्ट चिकटले तरच ते भांडे चालते आणि बूड सपाट असावे लागते. गोल बुडाच्या कढईत करंज्या तळायच्या असतील तर गॅसच बरा. इन्फ्रारेड शेगडीवर कोणतेही सपाट भांडे चालते, पण विजेचा भार साधारण इंडक्शनइतकाच पडतो. कढईची जागा ओट्यावरच्या बोर्डपासून दूर ठेवा. तेलाची वाफ आणि शिंतोडे सॉकेटमध्ये साचतात.

घर कुठले, त्यावर उपाय ठरतो

जुने नाशिक आणि पंचवटीतले वाडे : लाकडी पट्टीतले वायरिंग, दोन तारांचा पुरवठा आणि अर्थच्या तारेचा पत्ता नाही, अशी घरे अजून आहेत. सगळे वायरिंग बदलणे जमत नसेल, तर मीटरच्या बोर्डपासून ओट्यापर्यंत अर्थसह एक स्वतंत्र तार ओढून घ्या आणि एक मोठा सॉकेट बसवा. सणाचे जड काम तेवढ्यावर करा. काही जण सॉकेटमधल्या न्यूट्रललाच अर्थच्या छिद्राशी जोडून देतात. असे कोणी सुचवले तर साफ नकार द्या. न्यूट्रल कुठे तुटला, तर ओव्हनच्या पत्र्यात वीज उतरते.

सिडकोतली वाढवलेली घरे : मूळ छोट्या घरावर मजले चढले, पण मीटरपासूनची तार पहिलीच राहिली. वरच्या मजल्यावर भाडेकरू आणि खाली तुम्ही, मेन मात्र एकच, असे असेल तर दोन्ही घरांच्या अँपिअरची बेरीज एकत्र करा. खालच्या ओट्याइतकाच वरचा गिझरही त्या मेनवर येतो.

इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिक रोडच्या सोसायट्या : घरातले वायरिंग बरे असते, गडबड बहुधा मीटर रूममध्ये सापडते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतच्या विद्युत वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, त्यापुढची सभासदाच्या. मीटर रूममध्ये जळका वास, काळवंडलेले कटआउट किंवा ओल दिसली तर सचिवांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

भाड्याचे घर : भार वाढवण्याचा अर्ज बिलावर ज्यांचे नाव आहे त्यांनाच करता येतो. तार किंवा सॉकेट बदलण्यापूर्वी मालकांची लेखी संमती घ्या, निदान मोबाइलवर संदेश तरी. खर्च कोणाचा हेही त्यातच लिहून घ्या.

वायरमनकडून काय करून घ्यावे?

काम परवानाधारक ठेकेदाराकडून किंवा तारतंत्र्याकडून करून घ्या आणि परवाना पाहायला मागा. पुढे भार वाढवायचा झाल्यास चाचणी अहवाल अशा ठेकेदाराचाच लागतो. त्याच्यासमोर ही यादी ठेवा :

- ओट्यावरच्या आणि मेन बोर्डवरच्या सगळ्या जोडांचे स्क्रू घट्ट करणे. तारा तापण्याचे एक मुख्य कारण सैल जोड हेच असते.
- फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ २३० व्होल्ट, तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट येतात का, हे प्रत्येक मोठ्या सॉकेटवर मोजणे.
- तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का हे पाहणे, नसल्यास बसवणे. एमसीबी तारेला जपतो, आरसीसीबी माणसाला. अर्थिंग नसलेल्या घरातही शरीरातून वीज वाहू लागली की तो पुरवठा तोडतो. दोन किलोवॉटपेक्षा जास्त भाराच्या जोडणीला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही असे उपकरण अपेक्षित आहे.
- जुन्या तारांच्या आवरणाची मेगर या उपकरणाने तपासणी.
- नवी तार, स्विच, सॉकेट आयएसआय चिन्हाचेच घेणे आणि पक्के बिल घेणे.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, जमीन ओली असते, म्हणून ऑक्टोबरात मोजलेले अर्थिंग चांगलेच दिसते. मुरूम आणि कातळाच्या जागेत तेच मे महिन्यात कमकुवत होते. खड्ड्यात पाणी घालण्याची सोय आत्ताच करून ठेवा.

आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. तो पडला नाही तर बदला.

इन्व्हर्टर आणि माळा

इंडक्शन, ओव्हन, गिझर, घरघंटी इन्व्हर्टरच्या तारेवर येता कामा नयेत. नकाशा करताना इन्व्हर्टर चालू ठेवून मेन बंद करा. ओट्यावरचा एखादा सॉकेट तरीही जिवंत राहिला, तर त्यावर 'फक्त दिवा' अशी चिठ्ठी लावा.

एलईडी माळा आणि आकाशकंदील यांचा भार किरकोळ असतो. धोका असतो तो गॅलरीत पिळून टेपने गुंडाळलेल्या जोडांचा, विशेषतः दिवाळीत अवकाळी सर आली तर. जोड कोरड्या जागी घ्या आणि माळेसाठी ओट्यावरचा सॉकेट अडवू नका.

मंजूर भार, दंड आणि तुमचे हक्क

दंड पडेल का? वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये २०२३ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, स्मार्ट मीटरने नोंदवलेल्या जास्त मागणीवरून मंजूर भार वाढवायचा असेल, तर आर्थिक वर्षात तो निदान तीनदा ओलांडलेला असावा लागतो. मीटर बसण्याआधीच्या काळासाठी दंडही लावता येत नाही. तेव्हा एका दिवाळीने घाबरू नका. इंडक्शन आणि गिझर रोजचेच होणार असतील, तर मात्र भार रीतसर वाढवून घ्या. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर, मोबाइल ॲपवर किंवा उपविभाग कार्यालयात करता येतो.

तीन फेज घ्यावे का? राज्यात एक फेजचा पुरवठा ४० अँपिअरपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ किलोवॉटपर्यंत मिळतो. बहुतेक घरांना तेवढा पुरतो. तीन फेज घेतल्यास स्थिर आकार वाढतो. दोन एसी, दोन गिझर आणि विजेवरचे स्वयंपाकघर असेल तरच विचार करा.

घरून फराळाच्या ऑर्डर घेत असाल तर? घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांनाही घरगुती दर लागू ठेवण्याची तरतूद वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात आहे. अट अशी की वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असावा. त्यापुढे वापर जाणार असेल तर महावितरणकडे आधीच चौकशी करा. वापराचा प्रकार बदलून तो न कळवल्यास वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

पुरवठा बिघडला तर? मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, पुढची तुमची. तक्रार १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ या क्रमांकांवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुरवठा पूर्ववत करण्याच्या मुदती ठरलेल्या आहेत आणि त्या न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. भरपाई मागताना तोच क्रमांक पुरावा ठरतो. दाद न मिळाल्यास नाशिक परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तिथेही समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालांकडे जाता येते.

हे दिसले की कढई उतरवा आणि मेन बंद करा

- स्विचची पाटी हाताला गरम लागते, पिवळी पडली आहे किंवा बोर्डातून चरचर आवाज येतो.
- प्लॅस्टिक जळाल्याचा वास येतो, पण कुठून ते कळत नाही.
- मिक्सर, ओव्हन किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिणी येते.
- काही दिवे एकदम प्रखर होतात आणि काही मंद. हे न्यूट्रल तुटल्याचे लक्षण आहे. तीन फेजच्या इमारतीत अशा वेळी घरातला दाब २३० च्या कितीतरी वर, ४०० च्या जवळपासही जाऊ शकतो. ताबडतोब मेन पाडा, शेजाऱ्यांनाही सांगा आणि महावितरणला कळवा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच टाकू नका. इंडक्शन किंवा गॅस बंद करून कढईवर सपाट झाकण सरकवा आणि ती हलवू नका. बोर्ड पेटला तर आधी मेन बंद, मग पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक. आग आटोक्यात येत नसेल तर बाहेर पडून १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. कोणाला विजेचा झटका बसला असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी मेन बंद करा. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारा आणि १०८ वर रुग्णवाहिका मागवा.

भाऊबीजेनंतरचे बिल

दोन हजार वॉटचे इंडक्शन पूर्ण ताकदीवर तासभर चालले की दोन युनिट होतात. फराळाचे वीस तास धरले तर चाळीस. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे अशा टप्प्यांत असतो. टप्पा ओलांडला तरी महाग दर फक्त वरच्या युनिटना लागतो. टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारा मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत जाहीर झाली आहे. तुमचा मीटर तसा असेल तर दळण आणि तळण याच वेळेत बसवा आणि बिल आल्यावर सवलतीची ओळ शोधा. ती नसेल तर बिलाची प्रत घेऊन उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या.